थ्रिलरच्या टायटलसाठी इन्स्पिरेशन कुठून आणायचं? आधी तो डबा नीट बघा

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत लिहितो. पुण्यातले चौघं जण, मास मीडियाचं शेवटचं वर्ष, दोन मिनिटांचं थ्रिलर ओपनिंग करायचंय, टायटल सिक्वेन्ससकट (म्हणजे सुरुवातीला नावं येतात तो भाग). गोष्ट अशी की मेसचे डबे पोचवणारा एक मुलगा एका फ्लॅटच्या दाराला रोज डबा अडकवतो, संध्याकाळी रिकामा डबा घासूनपुसून परत मिळतो, आणि एक दिवस वॉचमन त्याला सांगतो की अरे तो फ्लॅट तर दोन वर्षं बंद आहे. तीन दिवस पिंटरेस्ट आणि यूट्यूब बघून झालंय, सगळं सारखंच दिसतंय, आता इन्स्पिरेशन कुठून घ्यायचं, असा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, गोष्ट भारी आहे. मी सोळा वर्षं एडिटिंग आणि टायटलं करतोय, सीरियल, पिक्चर, वेब सीरीज, आणि सुरुवातीला लग्नाचे व्हिडिओ पण (हसू नका, खोलीभाडं त्यातूनच निघायचं), आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या स्क्रिप्टमध्ये एवढी साधी आणि एवढी अंगावर येणारी एक ओळ नसते.

दुसरी गोष्ट, तुम्हाला इन्स्पिरेशन कमी पडत नाहीये, जास्त झालंय. तुम्ही तीन दिवस 'थ्रिलर कसा दिसतो' हे शोधताय आणि त्याचं उत्तर इंटरनेटवर एकच आहे, काळं बॅकग्राउंड, लाल अक्षरं, कावळा, चाकू, टाईपरायटर, भिंतीवर लाल दोऱ्याने जोडलेले फोटो. आता यातलं तुमच्या गोष्टीत काय आहे सांगा. काहीच नाही. तुमच्या गोष्टीत डबा आहे. म्हणजे खरा प्रश्न असा की या गोष्टीतली कुठली वस्तू प्रेक्षकाच्या डोळ्यासमोर इतकी जवळ धरायची की ती रोजची असून परकी वाटायला लागेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून कळणार नाहीत. कॉलेजने मार्क कशाला ठेवलेत ते आधी वाचा, काही ठिकाणी 'या जॉनरचे संकेत वापरून दाखवा' असं असतं, तिथे फार वेगळं करायला गेलात तर सर विचारणार की थ्रिलर कुठंय. दुसरं, दोन मिनिटं पूर्ण टायटलच हवंय की टायटल अधिक सीन? मला विचाराल तर साठ-सत्तर सेकंद टायटल आणि उरलेला सीन. कारण साधा हिशोब आहे, विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये दहा कार्ड (म्हणजे पडद्यावर येणाऱ्या नावांच्या पाट्या) होतात, एका कार्डाला तीन सेकंद धरले तरी तीस सेकंद, बाकी नव्वद सेकंद नुसत्या वस्तू दाखवून खेचणं भल्याभल्यांना जमत नाही. आणि तिसरं, हातात किती दिवस आहेत. खाली जे सांगतोय ते एका वीकेंडच्या शूटमध्ये होईल असं धरून सांगतोय.

माझाच एक फजितीचा किस्सा सांगतो, त्यातून मुद्दा कळेल. कामाला लागून दोन वर्षं झाली असतील, एक डायरेक्टर म्हणाला मला 'सेव्हन'सारखं टायटल पाहिजे. मी खूश. रात्रभर बसून ओरखडे, थरथरणारी अक्षरं, मधेच निगेटिव्ह फ्रेम, सगळं प्लगइनमधून ठोकून दिलं. सकाळी त्याने बघितलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "छान आहे रे, पण आपल्या पिक्चरमध्ये हे ओरखडतंय कोण?" मला उत्तर देता आलं नाही. ते टायटल गेलं केराच्या टोपलीत, पण तो प्रश्न मी अजून रोज वापरतो. हे कोण करतंय?

'सेव्हन'मध्ये त्याला उत्तर आहे. १९९५ चा पिक्चर, टायटल काईल कूपरचं. बोटांवरची कातडी ब्लेडने सोलणारा, वह्या शिवणारा, ओळी काळ्या करणारा माणूस म्हणजे खुनी, आणि तो खुनी प्रत्यक्ष पडद्यावर येतो पिक्चर बराच पुढे गेल्यावर. इतका वेळ ज्याचा चेहराच दिसणार नाही त्याचे हात सुरुवातीलाच दाखवून ठेवले. खुनी करणाऱ्या नटाचं नावसुद्धा सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ठेवलं नाही, सगळं एका विचाराने चाललेलं. अक्षरं हाताने ओरखडलेली आहेत कारण तो माणूस तसाच आहे. ओरखडे 'कूल' दिसतात म्हणून नाहीत. आणि ते न कळता जगभर गेली तीस वर्षं लोक नुसते ओरखडे उचलतायत, मी पण त्यातलाच.

'डेक्स्टर' (२००६) पण त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, माणूस सकाळी उठतो, डास मारतो, दाढी करतो, अंडं तळतो, संत्रं पिळतो, बुटाची नाडी ओढतो. एकही गुन्हा नाही. पण कॅमेरा इतका जवळ आहे आणि आवाज इतका मोठा की नाडी ओढताना गळा आवळल्यासारखं वाटतं. यात असं काय आहे जे तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत शूट होणार नाही? लोक ही सीरीज बघतात आणि रक्त कॉपी करतात, घ्यायची होती ती दाढी.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझा 'हे कोण करतंय' वाला प्रश्न सगळीकडे चालत नाही. हिचकॉकचा 'सायको' घ्या, १९६०, टायटल सॉल बासचं. तिथे कोणीच काही करत नाही, नुसत्या पट्ट्या आहेत, आडव्या येतात, उभ्या येतात, नावांचे तुकडे करतात, परत जोडतात, आणि वर बर्नार्ड हरमनची तंतुवाद्यं करवत चालवल्यासारखी. दुभंगलेल्या माणसाची गोष्ट आहे म्हणून नावं दुभंगतात, बस. त्याच्या दोन वर्षं आधीच्या 'व्हर्टिगो'त डोळ्यातून गरगरणारी वर्तुळं निघतात, ती जॉन व्हिटनी नावाच्या माणसाने महायुद्धातल्या तोफांच्या नेम धरायच्या यंत्राचे भाग वापरून काढली होती. म्हणजे दोन जाती झाल्या, एक जिथे गोष्टीतलं कोणीतरी काहीतरी करतंय आणि दुसरी जिथे आकार हीच गोष्ट आहे. दुसरी जात दिसायला सोपी, चार रेषा तर आहेत, पण त्या चार रेषा नेमक्या सापडायला सॉल बाससारखा माणूस लागतो. पहिल्या जातीत निदान वस्तू तुमच्या मदतीला असते. विद्यार्थ्यांनी पहिलीकडून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि जुगाड बघायचा असेल तर १९८२ चा 'द थिंग'. अंधार फाटत फाटत त्यातून प्रकाशाची अक्षरं बाहेर येतात ना, तो इफेक्ट पीटर कुरानने केला तो धूर भरलेली फिशटँक आणि कचऱ्याची काळी प्लास्टिक पिशवी घेऊन, पिशवी पेटवून दिली आणि मागून लाईट. एवढंच. (खोलीत प्लास्टिक जाळू नका, वॉर्डन सोडा, तो धूरच वाईट असतो. पण पैसे नव्हते म्हणून जमलं नाही ही सबब गेली.)

जुनी टायटलं बघायची तर अशी बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसतं ऐकून, आणि मग कागदावर फक्त क्रियापदं लिहायची. सोलतोय, शिवतोय, खोडतोय. पिळतोय, कापतोय, आवळतोय. रंग आणि फॉन्ट लिहायचे नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये पण 'या टायटलमधून आम्ही लाल रंग घेतला' यापेक्षा 'या टायटलमधून खुन्याला चेहऱ्याशिवाय ओळखीचं करायची पद्धत घेतली' असं लिहिलंत तर परीक्षकाला कळतं की पोरांनी विचार केलाय.

आता तुमचा डबा घेऊ. मी प्रश्न वाचल्यावर उठून किचनमध्ये गेलो आणि आमचा जुना डबा काढून बघितला. कडी, कडीचा खट्ट आवाज, झाकणाच्या आत जमलेली वाफ, तळाशी पडलेले ओरखडे, आणि झाकणावर कोरलेलं नाव. तिथे थांबलो.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. भांड्याच्या दुकानात तो माणूस हातात मशीन धरून टर्रर्र करत ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरतो, लग्नात आलेल्या भांड्यावर 'यांजकडून सप्रेम भेट' आणि तारीख, कोणी गेल्यावर वाटलेल्या भांड्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. प्रत्येक मराठी घरातल्या मांडणीवर मेलेल्या माणसांची नावं ओळीने लावलेली असतात आणि आपण त्यातच रोज आमटी वाढतो. मला सांगा, थ्रिलरच्या श्रेयनामावलीसाठी याहून चांगली जागा कुठे मिळणार? तुमची सगळी नावं भांड्यांवर कोरलेली. एका वाटीच्या काठावर नटाचं नाव, ताटाच्या कडेला एडिटरचं, गोलाईबरोबर वळलेली ओळ, जोडाक्षरं कशीबशी बसवलेली. फॉन्ट शोधायची भानगडच नाही. फक्त आपल्या टीमच्या कोणाच्या नावाआधी 'कै.' घालू नका, त्यांच्या आयांना नाही आवडणार.

आणि यात एक गंमत आहे जी मला पण ताट हातात घेऊन फिरवताना कळली. कोरलेलं अक्षर समोरून लाईट टाकला की नीट दिसत नाही. लाईट एकदम बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून टाकला की ठिपके चमकतात आणि नाव उठून येतं, टॉर्च थोडा हलवला की परत गायब. म्हणजे तुमचं ॲनिमेशन टॉर्च करणार! नाव उमटतंय, थांबतंय, विझतंय, कॉम्प्युटर चालू न करता. आता विचारा, हे कोण करतंय? फ्लॅट दोन वर्षं बंद, म्हणजे वीज तोडलेली असणार, म्हणजे आत जो कोणी आहे तो अंधारात टॉर्च घेऊन एकेक भांडं बघतोय, कोणाचं तरी नाव शोधतोय. हे मी ठरवून नाही काढलं, वस्तूच्या मागे गेलो आणि ते निघालं.

शेवटच्या कार्डाला टॉर्च तुमच्या डब्याच्या झाकणावर येईल आणि तिथे काय कोरलंय हे तुम्ही ठरवा. पिक्चरचं नाव असू शकतं. किंवा ज्याच्या नावाने डबा जातो त्याचंच नाव, आधी 'कै.', खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख. मी असतो तर दुसरं केलं असतं आणि पिक्चरचं नाव नंतर साध्या काळ्या फ्रेमवर दिलं असतं. पण इथे एक धोका आहे, टायटलमध्येच सगळं सांगून टाकलं तर वॉचमनच्या वाक्याची हवा निघते, तेव्हा एवढं जवळून दाखवा की 'कै.' आणि तारखेचा अर्धा भाग दिसेल, नाव नाही. २०१८ चा 'अंधाधुन' आठवा, तो पण पुण्यातच घडतो, सुरुवातीला कोबीच्या शेतात एका सशाच्या मागे बंदूक घेतलेला माणूस, आणि त्याचा अर्थ लागतो थेट शेवटाकडे. सुरुवातीला दाखवलेली वस्तू नंतर परत भेटली पाहिजे, तेव्हा तुमच्या सीनमध्ये ते झाकण एकदा तरी पूर्ण दिसू दे.

ही आयडिया जशीच्या तशी घ्या असं म्हणत नाहीये. तुम्ही चौघं जण एक तास त्या बिल्डिंगच्या जिन्यात आणि एक तास मेसच्या मावशींच्या किचनमध्ये घालवा, फोनवर प्रत्येकी वीस क्लोजअप काढा, मला न दिसलेलं काहीतरी तुम्हाला दिसेलच. मावशींची हिशोबाची वही असेल, डब्यांना बांधलेल्या रंगीत सुतळ्या असतील, बंद फ्लॅटच्या दारातून आत सरकवलेली लाईटबिलं असतील. आणि शनिवारी वेळ असेल तर रद्दीवाल्याकडे जुन्या रहस्यकथा मिळतात का बघा, बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवाल्या. मुखपृष्ठं बघण्यासाठी म्हणतोय. हाताने काढलेली अक्षरं असायची, एकच चेहरा, एकच सावली, आणि एसटी स्टँडवरच्या माणसाने ते लांबून बघून उचललं पाहिजे ही सक्ती. तुमच्या टायटलवर पण साधारण तीच सक्ती आहे.

शूटचं थोडं. स्टील हा हरामखोर प्रकार आहे, त्यात कॅमेरा, तुम्ही आणि ट्यूबलाईट सगळे दिसता. काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून त्यामागून शूट करा, आणि लक्षात ठेवा की स्टीलला स्वतःचा रंग नसतो, समोर जे असेल ते ते दाखवतं. समोर काळं कापड धरलं तर भांडं काळं, थर्माकोल धरला तर पांढरं. फोनवर शूट करत असाल तर मॅन्युअल कंट्रोल असलेलं कॅमेरा ॲप घ्या, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर ट्यूबखाली किंवा स्वस्त एलईडीखाली पट्टे फिरतात. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका, टॉर्च हलला की फोन आपली अक्कल चालवून सगळं उजळ करतो आणि अंधार जातो.

कार्ड किती वेळ ठेवायचं याला माझा नियम एवढाच, नाव मनात दोनदा सावकाश वाचून होईल इतका. तुम्हाला ते नाव पाठ आहे म्हणून तुम्ही लवकर कापणार, तेव्हा ज्याला नावं माहीत नाहीत अशा माणसाला दाखवा. क्रमात डायरेक्टरचं नाव सगळ्यात शेवटी येतं, बाकीचं फार ताणू नका.

कोरायचं जमलं नाही आणि कॉम्प्युटरवरच अक्षरं करायची ठरली तर एक सांगून ठेवतो, कारण यात दर वर्षी कोणीतरी मरतं. आफ्टर इफेक्ट्स (टायटल ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ आशियाई करावं लागतं, नाहीतर पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षरं फुटतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, इंग्रजी थ्रिलरमध्ये ते झकास दिसतं पण देवनागरीत शिरोरेषा तुटून तोंडात दात पडल्यासारखं दिसतं. एकेक अक्षर टाईप होत येणारा इफेक्ट पण जपून, 'क' आधी आणि मात्रा नंतर असं येतं. आणि फॉन्टमधला 'ल' आणि 'श' मराठी वळणाचा आहे की हिंदी ते बघून घ्या, मराठी वाचणाऱ्याला ते नकळत खटकतं. गूगल फॉन्ट्सवर 'एक टाईप' नावाच्या मुंबईच्या मंडळींचा 'मुक्त' वगैरे फुकट आहे, साधा फॉन्ट घ्या, भुताटकीवाला घेऊ नका.

आवाजाला मी चित्राइतकाच वेळ देतो, विद्यार्थी शेवटच्या रात्री देतात. गाणं लावू नका, यूट्यूबवर टाकल्या टाकल्या कॉपीराइटचा क्लेम येईल. तुमचं संगीत त्या भांडेवाल्याच्या मशीनमध्ये आहे, त्याला विचारून ते टर्रर्र फोनवर रेकॉर्ड करा, मग निम्म्या वेगाने वाजवून बघा, खाली उतरलेला तो आवाज ऐकून मला स्वतःला कसंतरी झालं. कडीचा खट्ट हा तुमचा कट. आणि अगदी सुरुवातीला, काहीही दिसायच्या आधी, काळ्या फ्रेमवर पाच-सहा सेकंद नुसतं कोणीतरी काथ्याने भांडं घासतंय, नळ चालू आहे, मग नळ बंद होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला काही वाटणार नाही. पण दोन मिनिटांनी वॉचमन 'तो फ्लॅट बंद आहे' म्हणाला की त्याला तो आवाज आठवेल. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरून काही घेतलंत तर प्रत्येक फाईलचं लायसन्स वेगळं असतं ते वाचून घ्या.

आज रात्रीच एक टेस्ट करा, घरातलं नाव कोरलेलं एक ताट, किचनचा लाईट बंद, एक फोन शूटला, दुसऱ्याचा टॉर्च. दहा मिनिटांत कळेल की यात काही आहे की मी उगाच वाहवत गेलोय. स्टिल इथे टाकलात तर मी बघेन. आणि जमलं तर भांडी कोरायला द्यायच्या आधी नावं कागदावर स्वच्छ लिहून द्या, तोंडी सांगू नका, एका पिक्चरमध्ये माझ्याकडून निर्मात्याच्या आडनावाची वेलांटी चुकली होती, ती मी रात्री दोनला दुरुस्त करून परत रेंडर लावला. ताटावर ती सोय नाही, नवीन ताट आणावं लागेल.